वर्गातला धीर

वाचकांचे प्रश्न

या वेळी टपालाने आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रे बेळगाव जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या तालुक्यांतून आली असून पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत. उत्तरे देणाऱ्याने याच जिल्ह्यातल्या मराठी शाळांत सहावी-सातवीचे वर्ग बरीच वर्षे घेतले आहेत, एवढी ओळख पुरे.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी उच्च प्राथमिक शाळेत सहावी-सातवीला शिकवते. मूल्यशिक्षणाच्या तासाला मी शिवरायांच्या, इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या आणि त्यांच्या सैन्यातल्या संगोळ्ळी रायण्णाच्या गोष्टी सांगते. मुले मन लावून ऐकतात. आमच्या एका मुलाने ‘प्रतिभा कारंजी’ या शालेय स्पर्धेत ‘शौर्य’ या विषयावर इतके सुंदर भाषण केले की पाहुण्यांनी उठून त्याची पाठ थोपटली. पण त्याच वर्गात एक मुलगा बोलताना अडखळतो. मधल्या सुट्टीत चारजण त्याची नक्कल करतात आणि बाकीची सत्तावीस मुले बघत राहतात. त्या बघणाऱ्यांत भाषण करणारा तो मुलगाही असतो. वर्गात ‘समजले का?’ असे विचारले की सगळे ‘हो’ म्हणतात, आणि वह्या तपासायला घेतल्या की निम्म्यांना काहीच समजलेले नाही असे दिसते. धैर्य शिकवता येते का, की ते उपजतच असावे लागते? शिकवता येत असेल, तर वर्गात नेमके काय करावे?

उत्तर : बाई, तुमच्या पत्रातल्या दोन तक्रारी वेगळ्या दिसत असल्या तरी मला त्या एकच वाटतात. नक्कल होताना गप्प राहणारे मूल आणि न समजताही ‘हो’ म्हणणारे मूल हे एकाच गोष्टीला भिते, आणि ती गोष्ट म्हणजे एकटे पडणे. तलवारीची, सापाची किंवा अंधाराची भीती बारा-तेरा वर्षांच्या मुलांना असतेच, पण या वयात तिच्यापेक्षा कितीतरी मोठी भीती आपल्याकडे वळणाऱ्या तीस चेहऱ्यांची असते. गोष्टीतल्या शूर पुरुषाला ती भीती कधी वाटलेली दाखवत नाहीत, म्हणून गोष्ट कितीही आवडली तरी मधल्या सुट्टीत ती कामाला येत नाही.

माझा एक अनुभव सांगतो. सहावीच्या वर्गात नफा-तोट्याचे उदाहरण फळ्यावर सोडवताना मी घाईत नऊ साते चौसष्ट लिहून गेलो. वर्गात पस्तीस मुले होती आणि पाढे सगळ्यांना तोंडपाठ होते, तरी कोणी हूं की चूं केले नाही. संध्याकाळी वह्या तपासताना तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीची वही हाती आली. तिने आधी त्रेसष्ट लिहिले होते, ते खोडरबराने इतके घासले होते की कागद पातळ होऊन पलीकडचे दिसू लागले होते, आणि त्यावर जपून चौसष्ट लिहिले होते. दुसऱ्या दिवशी मी तिला बाजूला बोलावून विचारले, तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, “सगळ्यांनी चौसष्टच लिहिलं होतं, सर. मला वाटलं माझंच चुकलं.”

यानंतर मी जे केले त्याचे मला आजही वाईट वाटते. वर्गात जाऊन मी म्हणालो, “काल मी मुद्दाम चुकलो होतो, तुमची परीक्षा पाहत होतो.” आपल्यापैकी अनेकांच्या तोंडी हे वाक्य आपोआप येते. त्या वाक्याने आपण मुलांना एवढेच शिकवतो की चूक ही इतकी लाजिरवाणी गोष्ट आहे की प्रत्यक्ष मास्तरांनाही ती लपवावी लागते. त्या मुलीने माझ्याकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली. तिला खरे काय ते कळले होते. दोन दिवस ती नजर मनातून जाईना. शेवटी तिसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितले, “परवा मी खोटे बोललो. मी मुद्दाम चुकलो नव्हतो. मला लाज वाटली, म्हणून तसे म्हणालो.” वर्ग बराच वेळ चिडीचूप होता. मग शेवटच्या बाकावरून एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, त्याच गणितात खाली अजून एक चूक आहे.” ती खरोखरच होती. त्या वर्गाने मला पहिल्यांदा काही सांगितले ते त्या दिवशी.

अमेरिकेतल्या सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ च्या सुमारास केलेले प्रयोग या ठिकाणी फार उपयोगी पडतात. एका कार्डावर एक रेघ आणि दुसऱ्या कार्डावर लहानमोठ्या तीन रेघा दाखवून पहिलीएवढी कोणती ते ओळखायचे, इतके ते काम सोपे होते. पण खोलीतले बाकीचे सगळेजण आधी ठरवून चुकीचे उत्तर देत, आणि ज्याची खरी परीक्षा होती त्याची पाळी जवळजवळ शेवटी येई. कॉलेजात शिकणाऱ्या त्या तरुणांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसत असलेले सोडून इतरांचे चुकीचे उत्तर उचलले. मात्र आपल्यासाठी महत्त्वाचा भाग पुढचा आहे. त्या गटातल्या एकाच माणसाला जेव्हा खरे उत्तर द्यायला सांगितले गेले, तेव्हा चुकीच्या मागे जाण्याचे प्रमाण घटून जेमतेम चौथ्या हिश्शावर आले. म्हणजे माणसाला सगळा गट आपल्या बाजूने असावा लागत नाही. एक जण सोबत असला तरी पुरतो.

आपल्या भाषेला हे पूर्वीपासून ठाऊक असावे. आपण हिंमत करतो, धाडस करतो. पण धीर मात्र धरतो, आपला धीर सुटतो, खचतो, आणि तोच धीर एक माणूस दुसऱ्याला देतो. इस्पितळाच्या बाकावर शेजारी बसून देतो, परीक्षेच्या दारापर्यंत सोबत जाऊन देतो. म्हणून ‘धैर्य शिकवता येते का’ या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर ‘हो’ असे आहे, पण ते शिकवायचे म्हणजे प्रत्येक मुलाला एकट्याने लढणारा वीर करायचे असे नव्हे, तर वर्गात धीर देण्याची सवय लावायची. शिक्षकाने मुलांना आणि मुलांनी एकमेकांना.

वर्गात काय करावे, तेही सांगतो. ‘समजले का?’ हा प्रश्न उद्यापासून सोडून द्या, कारण त्याचे ‘नाही’ हे उत्तर देणाऱ्याला उभे राहून एकटे पडावे लागते. त्याऐवजी धडा वाचून झाल्यावर ‘सगळ्यात अवघड गेलेल्या वाक्याखाली प्रत्येकाने पेन्सिलीने रेघ मारा’ असे सांगा. मग रेघ सगळ्यांच्याच पुस्तकात असते आणि न समजणे ही एकट्याची गोष्ट उरत नाही. प्रश्न विचारल्यावर लगेच बोट दाखवून उत्तर मागू नका. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात अनेक वर्गांचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असे तिला आढळले. तेच शिक्षक तीन सेकंद किंवा अधिक थांबू लागले की मुलांची उत्तरे लांब होत आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागत. घड्याळ लावून तीन सेकंद थांबून पाहा, ते किती लांब वाटतात ते कळेल. उत्तर आधी वहीत लिहायला, मग शेजारच्याला सांगायला आणि त्यानंतर मोठ्याने बोलायला सांगितले, तर भित्रे मूल ‘मला वाटते’ असे म्हणण्याऐवजी ‘आम्हाला वाटते’ असे म्हणून उभे राहू शकते. या ‘आम्हाला’त त्याला जो आधार मिळतो, तो फार मोठा असतो. आणि कोणी चुकीचे उत्तर दिले तर ‘बस खाली’ न म्हणता ‘तुला असे का वाटले ते सांग’ म्हणावे. बहुतेक वेळा चुकीच्या उत्तरामागे काहीतरी विचार असतो आणि तो सांगताना मूल स्वतःच वाट पकडते.

अडखळणाऱ्या मुलाविषयी मात्र घाई करू नका. त्याला समोर उभे करून वर्गाला उपदेश करणे हा उपाय नाही, कारण त्यामुळे तो दुसऱ्यांदा सगळ्यांच्या नजरेत येतो. आधी त्याच्याशी एकट्याशी बोला, त्याला काय हवे आहे ते विचारा, आणि बोलताना त्याचे वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. नक्कल करणाऱ्या चौघांना एकेकटे बोलावून समज देणे हे तुमचे काम आहे, ते मुलांवर सोपवू नये. मग त्या सत्तावीसांतून दोघा-तिघांना, आणि त्यात भाषण करणाऱ्या मुलाला अवश्य, वेगळे बसवून अगदी लहान काम द्या. दुपारच्या जेवणाला त्याच्या शेजारी ताट घेऊन बसणे हे एक काम. नक्कल सुरू झाली की चौघांशी भांडत न बसता त्या मुलाला ‘चल, पाणी प्यायला जाऊ’ म्हणून हाक मारणे हे दुसरे. आणि ज्याला जमेल त्याने ‘बास की आता’ एवढे तीन शब्द म्हणणे हे तिसरे. हे शब्द तुमच्यासमोर चार-पाच वेळा मोठ्याने म्हणवून घ्या, कारण ऐन वेळी तोंडातून तेच निघते जे आधी कधीतरी निघालेले असते. भाषण पाठ करून घेण्यासाठी आपण महिनाभर खपतो, पण या तीन शब्दांची तालीम कधी घेत नाही.

चहाडीचा मुद्दाही वर्गात एकदा उघड बोलून घ्या. ‘चहाडखोर’ म्हणवून घेण्याच्या भीतीने कितीतरी मुले गप्प राहतात. ‘बाई, ह्यानं पेन्सिल चोखली’ हे सांगण्यात कोणाचेच दुखणे हलके होत नाही. ‘बाई, त्याला रोज मागच्या भिंतीपाशी अडवतात’ हे सांगण्याने होते. हा फरक सहावीतल्या मुलांना अगदी नीट कळतो, पण तो त्यांना आपल्या तोंडून ऐकायचा असतो. आणि मुलाने येऊन सांगितले की आपण त्याच दिवशी काहीतरी केले पाहिजे. सांगूनही काही झाले नाही असा अनुभव ज्या मुलाला एकदा येतो, ते मूल पुन्हा सांगायला येत नाही. जिथे मोठ्या माणसाकडून मुलाला त्रास होतो आहे, तिथे तर मुलाच्या धैर्याची वाट पाहणेच चूक आहे. तिथे शिक्षकाने बोलले पाहिजे, आणि १०९८ ही मुलांसाठीची मोफत मदतवाहिनी कोणत्याही मुलाला स्वतःहून फिरवता येते, हे वर्गाच्या भिंतीवर लिहिलेले असावे.

राहिल्या गोष्टी. त्या सोडू नका, फक्त सांगण्याची तऱ्हा बदला. रायण्णाला ज्या नंदगडात १८३१ साली फाशी दिली ते गाव तुमच्याच तालुक्यात आहे. मुलांना तिथे एकदा घेऊन जा, पण ‘तो किती शूर होता’ याऐवजी ‘त्याला जेवण आणि निवारा देणाऱ्यांना काय वाटत असेल’ असे विचारा. सावित्रीबाई १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवू लागल्या, तेव्हा लोक त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकत आणि म्हणून त्या सोबत दुसरे लुगडे नेत, असे सांगतात. मुलांना विचारा, सकाळी घरातून निघताना ते लुगडे पिशवीत ठेवणाऱ्या बाईच्या मनात काय असेल? आज शेण बसणार हे माहीत असूनही ती निघाली, हे मुलांना त्या लुगड्यावरून समजते. गांधीजींचेही तसेच. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावच्या टिळकवाडीत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते, आणि त्यांनी आयुष्यात अध्यक्षपद स्वीकारलेले ते एकच अधिवेशन, हे आपल्याकडच्या मुलांना पाठ असते. पण हाच माणूस लहानपणी अंधाराला आणि भुताखेताला भीत असे, आणि बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभा राहिला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना म्हणून खाली बसला, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. मुलांना हा भाग सांगितला की वर्गातली शांतता वेगळीच होते. कोर्टात खाली बसलेल्या माणसापासून टिळकवाडीच्या व्यासपीठापर्यंत काय काय घडले असेल, याचा अंदाज मुलांनाच बांधू द्या. तास पुरणार नाही.

प्रश्न : आम्ही वडगावात राहतो, घरी यंत्रमाग आहे. मुलगी सातवीपर्यंत मराठी शाळेत होती, पहिल्या तिनांत असायची. या वर्षी तिला घराजवळच्या कन्नड माध्यमाच्या हायस्कुलात घातले. वर्गात ती तोंडच उघडत नाही. एकदा उत्तर देताना क्रियापद चुकले आणि वर्ग हसला, तेव्हापासून पोट दुखते म्हणून आठवड्यातून एखादा दिवस घरी राहते. तिला धीर कसा द्यावा?

उत्तर : ताई, आधी एक विचारतो. सूत घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याशी किंवा गणपत गल्लीतल्या दुकानात तुमची मुलगी कन्नडमध्ये बोलते का? माझा अंदाज आहे की बोलते, आणि घासाघीसही करते. आपल्याकडची बहुतेक मुले बाजारात दोन्ही भाषा बोलतात आणि वर्गात गेली की मुकी होतात, कारण बाजारात चुकले तर फार तर चार आणे जास्त जातात, पण वर्गात चुकले तर हसे होते. तेव्हा तिला कन्नड येत नाही, हे खरे नाही. पुस्तकी कन्नड कमी येते आणि हसण्याची भीती वाटते, इतकेच. हे तिला तिच्याच बाजारातल्या उदाहरणावरून दाखवून द्या.

दुसरे असे की तिला एक वाक्य पक्के करून द्या : ‘ननगे अर्थ आगलिल्ला, इन्नोम्मे हेळ्री.’ मला समजले नाही, पुन्हा एकदा सांगा. हे वाक्य न अडखळता येईपर्यंत घरात, मागाच्या आवाजात, हसतखेळत म्हणू द्या. नव्या भाषेच्या वर्गात हे वाक्य दाराच्या किल्लीसारखे असते. ते हाताशी असले की मूल गप्प बसण्याऐवजी विचारू शकते. पहिल्या आठवड्यात तिने ते दिवसातून एकदाच, ज्या शिक्षकांशी तिचे त्यातल्या त्यात जमते त्यांच्या तासाला, म्हणावे. पुढच्या आठवड्यात दोनदा. भीती अशी पायरीपायरीने उतरते, एका उडीत उतरवायला गेले तर ती वाढते. आणि पोटदुखीला ‘नाटक’ म्हणू नका. भीतीने पोट खरोखर दुखते. डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या, पण त्यानंतर घरी राहण्याची सवय लागू देऊ नका, कारण चुकवलेल्या प्रत्येक दिवसागणिक वर्गाचा उंबरा चढायला अवघड होत जातो.

वर्गशिक्षकांनाही जाऊन भेटा. तक्रार म्हणून न जाता ‘तिला अमुक अडचण येते, तुम्ही मदत कराल का’ म्हणून जा. मी ज्या कन्नड शिक्षकांसोबत काम केले त्यांच्यापैकी एकांनी असा प्रघात पाडला होता की आठवड्यातून एक दिवस कन्नड मुलांनी पाच वाक्ये मराठीत बोलायची आणि मराठी मुलांनी ती सुधारून द्यायची. दोन्हीकडची मुले चुकत, दोन्हीकडची हसत, पण ते हसणे कोणाला लागत नसे. १९५६ पासून चालत आलेला सीमेचा प्रश्न मोठ्यांनी मोठ्यांच्या ठिकाणी मांडावा, त्यावर तुमची-माझी ठाम मते असतील. पण त्याचे ओझे तेरा वर्षांच्या मुलीच्या जिभेवर ठेवू नये. कन्नड नीट बोलता आल्याने तिची मराठी तसूभरही कमी होणार नाही, आणि घरात मराठी वाचन चालू ठेवलेत तर दोन्ही भाषा तिच्याच होतील.

प्रश्न : मी चिक्कोडी तालुक्यातला निवृत्त मुख्याध्यापक आहे. आजकाल धैर्याच्या नावाखाली मुलांना उलट बोलायला शिकवले जाते. आमच्या वेळी छडीच्या धाकाने शिस्त होती. शिवाय धाडस शिकवायची गरजच काय? पावसाळ्यात नदीला पाणी आले की हीच मुले पुलावरून उड्या मारतात.

उत्तर : गुरुजी, तुमच्या पत्रातला शेवटचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटला. पुलावरून उडी मारणाऱ्या मुलाला भीती वाटत नाही असे नाही. त्याला नदीपेक्षा काठावरच्या मित्रांची जास्त भीती वाटते. ‘मारतोस का नाही, बायल्या?’ असे कोणी म्हटले की तो उडी मारतो. म्हणजे तोही खानापूरच्या त्या सत्तावीस मुलांसारखाच गर्दीमागे गेलेला असतो, आणि या प्रसंगात धैर्य असते ते ‘मी नाही मारत’ म्हणून कपडे न काढणाऱ्या मुलाचे. गढूळ पाणी पाहून पोटात खड्डा पडतो तो आपल्याला काहीतरी सांगत असतो, त्याचे ऐकणे हा भित्रेपणा नव्हे, हे मुलांना जूनमध्येच, नदीला पाणी चढण्याच्या आधी, सांगितले पाहिजे. नदीकाठच्या प्रत्येक शाळेत त्यासाठी एक तास ठेवावा असे मला मनापासून वाटते.

उलट बोलण्याविषयी तुमची काळजी समजते. पण उद्धटपणा आणि मतभेद यांत फरक करायला मुलांना शब्द द्यावे लागतात. ‘सर, मला जरा वेगळे वाटते, सांगू का?’ हे वाक्य ज्या मुलाला येते त्याला आरडाओरडा करावा लागत नाही. ज्याला कधी बोलूच दिले नाही तोच एक दिवस फटकन बोलतो. छडीबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली आहे. कायदा नसता तरी मी हेच म्हटले असते, कारण छडीने मूल गप्प बसते आणि आपण त्याला शिस्त समजतो.

प्रश्न : धैर्यासाठी वर्गात गुण किंवा बक्षीस ठेवावे का? (निपाणीहून एक शिक्षक)

उत्तर : ठेवू नये. बक्षीस लावले की मुले शिक्षकांसमोर धीट होतात आणि शिक्षक नसताना पूर्वीसारखीच राहतात. मुलाला एकट्याला गाठून ‘काल तू त्याच्या शेजारी बसलास ते मी पाहिले’ एवढे म्हणावे.

प्रश्न : मी हुक्केरी तालुक्यातल्या शाळेत सातवीत आहे. आमच्या शाळेतल्या पाण्याच्या टाकीचा नळ मोडला. एका मुलावर आळ आला. बाईंनी त्याला सगळ्यांसमोर बोलले आणि त्याच्या वडिलांना बोलावले. पण नळ त्याने मोडला नव्हता, मी दुसऱ्याला पाहिले होते. तो दुसरा मोठा आहे, म्हणून मी गप्प बसलो. आता पंधरा दिवस झाले. आता सांगून काय उपयोग? सगळे म्हणतील, तेव्हा का नाही बोललास?

उत्तर : उपयोग आहे. ज्या मुलावर आळ आला तो अजूनही रोज त्याच टाकीवर पाणी प्यायला जात असेल, आणि त्याच्या घरी वडील अजून तेच धरून बसले असतील. पंधरा दिवस झाले म्हणून त्याचे दुःख संपलेले नाही. तू तेव्हा बोलला नाहीस, कारण तुला भीती वाटली. ती भीती खरी होती. ‘तेव्हा का नाही बोललास?’ असे बाईंनी विचारले तर ‘घाबरलो होतो’ हेच उत्तर द्यायचे. त्यात खोटे काही नाही आणि लाजण्यासारखेही नाही.

आता कसे करायचे ते पाहू. सगळ्यांसमोर सांगायची गरज नाही. एकट्याने जायचे नसेल तर आईला किंवा ज्याच्यावर तुझा विश्वास आहे अशा मित्राला बरोबर घे; त्याने काही बोलायचे नाही, फक्त शेजारी उभे राहायचे. शाळा सुटल्यावर बाई एकट्या असतील तेव्हा जा. कोणी मोडला ते पहिल्याच वाक्यात सांगितले पाहिजे असेही नाही, कारण आज तुझे काम एका मुलावरचा आळ काढण्याचे आहे. त्यांनी विचारलेच, तर पाहिले तेवढे सांग आणि मोठ्या मुलाची भीती वाटते हेही सांग, म्हणजे तुला त्रास होणार नाही अशी व्यवस्था बाईंना करता येईल. बोलताना शब्द सुचणार नाहीत असे वाटत असेल तर हे कागदावर लिहून ने आणि वाचून दाखव : ‘बाई, नळ त्याने मोडला नव्हता. मी पाहिले होते. त्या दिवशी घाबरून बोललो नाही.’

आणि त्यानंतर त्या मुलाकडेही जा. त्याला ते तुझ्याच तोंडून कळू दे. तो कदाचित रागावेल, एक-दोन दिवस बोलणार नाही, तेवढे सोस.

मासिक तुझ्या हाती पडेपर्यंत आणखी दिवस गेले असते, म्हणून हे उत्तर तुला टपालाने आधीच पाठवले आहे. पुढे काय झाले ते आम्हाला कळव.